कोरोनाडोचे लाकडी हॉटेल आणि कुटुंबाचा मुक्काम

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन डिएगो शहरासमोरच्या उपसागरापलीकडे कोरोनाडो नावाची जी सपाट, वालुकामय भूमी आहे, तिच्या महासागराकडील काठावर १८८८ सालापासून ‘हॉटेल डेल कोरोनाडो’ हे लाकडी हॉटेल उभे आहे. पांढऱ्या भिंती, तांबडी छपरे आणि समुद्राच्या अंगाला असलेला शंकूच्या आकाराचा प्रचंड बुरूज यांमुळे त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली असून, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना सॅन डिएगो दाखवायला नेतात, तेव्हा या बुरुजासमोर उभे राहून छायाचित्र काढण्याचा कार्यक्रम अनेकदा ठरलेलाच असतो. परंतु अर्ध्या तासात पाहून निघावे, अशी ही वास्तू नाही, कारण ती कुटुंबकबिल्यासह आठवडेच्या आठवडे राहण्यासाठी बांधली गेली होती. मधला प्रशस्त चौक, त्याभोवतीचे सज्जे, समुद्राकडे उघडणारे व्हरांडे आणि खोल्यांच्या मानाने फार मोठी असलेली सामाईक दालने ही सगळी रचना दीर्घ मुक्कामाच्या कल्पनेतून निघाली आहे, आणि दोन-चार दिवस तरी तिथे सहकुटुंब राहिल्याशिवाय त्या कल्पनेचा उलगडा होत नाही.

कोरोनाडोला बोलण्याच्या ओघात बेट म्हटले जात असले, तरी ते मुख्य भूमीशी जोडलेले आहे. ‘सिल्व्हर स्ट्रँड’ नावाची सुमारे अकरा किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी त्याला दक्षिणेकडील इंपीरियल बीच या गावाशी जोडते. लाटा आणि किनाऱ्याला समांतर वाहणारे प्रवाह यांनी आणून टाकलेल्या वाळूच्या अशा पट्टीला भूगोलात वाळूचा दांडा म्हणतात, आणि या दांड्यामुळेच त्याच्या आतल्या बाजूचा उपसागर शांत, नौकांना आसरा देणारा झाला आहे. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर कुमेयाय या मूळनिवासी समाजाची वस्ती होती. १७६९ मध्ये स्पॅनिश लोकांनी सॅन डिएगोत ठाणे घातले. तरी त्यानंतर शतकभर कोरोनाडोच्या वाट्याला झुडपे, ससे आणि वारा यांखेरीज फारसे काही आले नव्हते.

ही स्थिती बदलली ती रेल्वेमुळे. नोव्हेंबर १८८५ मध्ये सॅन डिएगो देशाच्या पूर्वेकडून येणाऱ्या लोहमार्गाशी जोडले गेले, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या, उबदार हवेची ख्याती ऐकून आलेल्यांच्या गर्दीबरोबर जमिनीच्या व्यवहारांत अपूर्व तेजी आली. सँटा फे आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांनी एकमेकींना नमवण्यासाठी भाडी इतकी पाडली, की १८८७ च्या मार्चमध्ये अल्प काळासाठी मिसुरी नदीच्या खोऱ्यापासून लॉस एंजेलिसपर्यंतचा प्रवास एका डॉलरमध्ये करता येत होता. इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथून आलेले, रेल्वे व्यवसायात मुरलेले एलायशा बॅबकॉक आणि शिकागोचे पियानो-उत्पादक हॅम्प्टन स्टोरी हे दोघे प्रकृतिस्वास्थ्यासाठी आणि शिकारीसाठी या भागात रमले होते. त्यांनी भागीदारांसह १८८५ च्या अखेरीस कोरोनाडोची जमीन १,१०,००० डॉलरला विकत घेतली. जमिनीचे भूखंड पाडून नोव्हेंबर १८८६ मध्ये त्यांचा जाहीर लिलाव झाला आणि हजारो लोक त्यासाठी नौकांतून उपसागर ओलांडून आले. भूखंडांना किंमत यावी म्हणून हॉटेलचे आश्वासन आणि हॉटेल उभे राहावे म्हणून भूखंडांचा पैसा, असे हे परस्परावलंबी गणित होते. हॉटेलचा उगम जमिनीच्या सट्ट्यात आहे, हे त्याच्या गौरवकथांत हळूच मागे टाकले जाते; वस्तुतः ते स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण हॉटेल उघडले त्याच वर्षी ही तेजी कोसळली, अनेक लोक सॅन डिएगो सोडून गेले, आणि कर्जाच्या ओझ्याखाली आलेली ही मालमत्ता साखरेच्या व्यापारातून गब्बर झालेल्या घराण्यातील जॉन स्प्रेकल्स यांच्या ताब्यात गेली. वास्तू टिकली ती तिच्या संस्थापकांच्या हिशेबामुळे नव्हे. तो हिशेब चुकल्यावर तिला सांभाळणारा धनको भेटला, म्हणून ती टिकली.

बांधकामाची हकीकत मात्र निर्भेळ कौतुकाची आहे. मार्च १८८७ मध्ये काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १८८८ मध्ये पाहुणे राहायला आले, म्हणजे सुमारे चारशे खोल्यांची ही इमारत जेमतेम अकरा महिन्यांत राहण्याजोगी झाली. वास्तुरचनाकार जेम्स रीड आणि त्यांचे बंधू हेही इव्हान्सव्हिलहून आलेले होते, आणि पूर्ण झालेल्या नकाशांची वाट न पाहता आराखडे व इमारत ही जवळजवळ एकाच वेळी आकाराला येत गेली. सॅन डिएगोत त्या वेळी ना पुरेसे लाकूड होते, ना पुरेसे सुतार. लाकूड उत्तर कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट परिसरातील जंगलांतून समुद्रमार्गे आले. फळ्या रंधून काढण्याचा कारखाना, विटांच्या भट्ट्या आणि लोखंडकामाची कार्यशाळा ही सारी जागेवरच उभारली गेली. मजूर मोठ्या संख्येने अप्रशिक्षित होते आणि त्यांत सॅन फ्रान्सिस्को-ओकलंडकडून आणलेले चिनी स्थलांतरित पुष्कळ होते. रीड यांनी यावर शोधलेला उपाय फार शहाणपणाचा आहे: काम उत्तरेकडच्या, तुलनेने साध्या बाजूपासून सुरू करायचे, म्हणजे साधी चौकट उभारता उभारता हात तयार होतील आणि बुरूज, कमानी, भोजनगृहाचे छत अशी अवघड कामे येईपर्यंत नवख्यांचे कारागीर झालेले असतील. चौकातून इमारतीभोवती सावकाश फेरी मारली, तर एकीकडची सरळ, पुनरावृत्त रचना आणि समुद्राकडची मुक्त, धाडसी रचना यांतला फरक नजरेला जाणवतो, आणि एका प्रचंड कार्यशाळेचा अभ्यासक्रमच भिंतींच्या रूपाने उलगडत जातो.

या कौशल्याचा कळस म्हणजे ‘क्राउन रूम’ हे मुख्य भोजनदालन होय. सुमारे दहा मीटर उंचीचे, उलट्या नावेच्या पोटासारखे वळणारे त्याचे छत शुगर पाइन या पाइनच्या जातीच्या लाकडाचे असून ते खिळ्यांशिवाय, लाकडी खुंट्या आणि सरस यांच्या साहाय्याने जोडलेले आहे, असे सांगितले जाते. मधे एकही खांब नसल्याने संपूर्ण दालन एका दृष्टिक्षेपात सामावते. ज्या काळात हे काम झाले, त्याच्या पाचच वर्षे आधी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घालणारा कायदा केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या इमारतीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. देशाला जे लोक नको होते, त्यांच्याच श्रमातून देशातील श्रीमंतांचे विश्रांतिस्थान घडले. हॉटेलात उतरलेल्या राष्ट्राध्यक्षांची आणि राजपुत्रांची यादी कोणालाही सहज मिळते. छताखाली बसलेल्या प्रवाशाने त्या यादीआधी या हातांची आठवण ठेवावी, एवढे मूल्य त्यांच्या कामात निश्चित आहे.

वास्तुशैलीच्या दृष्टीने हॉटेलची गणना ‘क्वीन ॲन’ या शैलीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या या शैलीत दोन्ही बाजू सारख्या असण्याचा आग्रह नसतो; बुरूज, त्रिकोणी आढी, पुढे आलेल्या खिडक्या आणि खोल व्हरांडे मुक्तपणे एकत्र येतात, आणि छपरावर व भिंतींवर शिंगल म्हणजे लाकडाच्या पातळ चिपा कौलांप्रमाणे बसवलेल्या असतात. बाह्यरूप असे सजावटीचे असले, तरी आतील सोयी त्या काळाच्या पुढे होत्या. हॉटेलचे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र होते, गोडे पाणी उपसागराच्या तळाखालून घातलेल्या नळांनी शहरातून येत होते, आणि आजही पाहायला मिळणारी पितळी पिंजऱ्यासारखी ओटिस कंपनीची लिफ्ट पाहुण्यांना वर नेत होती. विजेचे दिवे थॉमस एडिसन यांनी जातीने येऊन बसवले, ही वारंवार सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. ते काम शिकागोच्या मेदर इलेक्ट्रिक कंपनीने केले होते. विजेच्या तारा गॅसच्या नळ्यांतून ओवलेल्या होत्या, म्हणजे हा नवा प्रकार फसला तर गॅसवर परतता यावे, आणि या तपशिलातून त्या काळातील उमेद व सावधपणा एकदमच दिसतात.

पूर्वेकडील कडाक्याच्या थंडीपासून दूर, संपूर्ण हंगाम इथे काढणारी कुटुंबे ही या हॉटेलची मूळ गिऱ्हाइके होत. अतिश्रीमंत लोक स्वतःच्या खाजगी रेल्वे डब्यातून, पेट्या, नोकर आणि मुलांच्या दाया यांच्यासह येत. राहण्याचा आकार ‘अमेरिकन प्लॅन’ या पद्धतीने होई, म्हणजे खोलीच्या दरातच सगळी जेवणे धरलेली असत, आणि सुरुवातीच्या काळात हा दर दिवसाला अडीच डॉलरपासून पुढे होता. प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह नव्हते आणि खोल्यांत दिवस काढावा, अशी अपेक्षाही नव्हती. वाचन, पत्रलेखन, बिलियर्ड्स, संगीत, गप्पा यांसाठी सामाईक दालने होती, आणि चौकातली बाग ही सर्व वयांच्या माणसांची बैठक होती. वैद्यांच्या सल्ल्याने हवापालटासाठी देवळाली, लोणावळा किंवा महाबळेश्वर येथे महिना-दोन महिने बिऱ्हाड करून राहणाऱ्या जुन्या मराठी कुटुंबांची रीत ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना ही जीवनपद्धती मुळीच परकी वाटणार नाही. औषधापेक्षा हवा गुणकारी, हा त्या काळाचा जागतिक विश्वास होता. क्षयासारख्या रोगांवर खात्रीचे औषध नसताना तो अटळही होता, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाची निम्मी जाहिरात या विश्वासावर उभी होती.

हॉटेलच्या इतिहासातील सर्वांत जिव्हाळ्याचे प्रकरण मात्र हॉटेलच्या भिंतींबाहेर घडले. हिवाळ्यात गजबजणारे हॉटेल उन्हाळ्यात ओस पडत असे, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात व शेजारच्या ॲरिझोनात त्याच महिन्यांत उन्हाचा कहर असे. स्प्रेकल्स यांच्या व्यवस्थापनाने १९०० मध्ये हॉटेलच्या दक्षिणेस, सिल्व्हर स्ट्रँडच्या वाळूवर ‘टेंट सिटी’ म्हणजे तंबूंचे गाव वसवले. लाकडी जमीन आणि साधे सामान असलेले पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे तंबू, त्यांच्यामधून आखलेले रस्ते, बँडचा मंडप, पोहण्याचे तलाव, नाचघर, खाण्याची दुकाने, मुलांसाठी फिरते घोडे आणि गावाचे स्वतःचे वार्तापत्र असा हा सगळा संसार दरवर्षी उन्हाळ्यात नांदू लागला. ज्यांना हॉटेलची खोली स्वप्नातही परवडली नसती, असे कारकून, दुकानदार, शेतकरी आपापल्या मुलाबाळांसह येऊन त्याच वाळूत, त्याच लाटांसमोर दिवस काढत. तंबूंच्या रांगांमागे हॉटेलचा तांबडा बुरूज दिसणारी जुनी छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि या स्थळाचा खरा अर्थ कोणत्याही राजेशाही मेजवानीच्या चित्रापेक्षा त्या छायाचित्रांतून अधिक चांगला कळतो. एकाच मालकाच्या एकाच किनाऱ्यावर दोन अर्थस्तरांतील कुटुंबांना समुद्र मिळाला. यामागे व्यापारी हिशेब होताच, पण त्या हिशेबातून जे घडले, ते लोकांच्या आयुष्यात खोलवर रुजले. १९३९ पर्यंत टेंट सिटी टिकली. पुढे मोटारीने वेगळी ठिकाणे जवळ आणली, सिल्व्हर स्ट्रँडवरून महामार्ग रुंद झाला आणि तंबू उठले. आज त्या जागेवर त्यांची फारशी खूण नाही. मात्र हॉटेलच्या जुन्या बर्फघरात केलेल्या छोट्या संग्रहालयात या सगळ्या काळाचे दर्शन घडते, आणि मुलांना घेऊन तिथे तासभर घालवणे हा मुक्कामातील अत्यंत मोलाचा भाग ठरतो.

याउलट ज्या गोष्टींसाठी हॉटेल प्रसिद्ध आहे, त्यांतील काहींकडे चिकित्सेने पाहणे आवश्यक आहे. ‘ओझ’च्या कथांचे लेखक एल. फ्रँक बॉम यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथे अनेक हिवाळे काढले आणि काही पुस्तके इथे लिहिली, हे खरे आहे. परंतु ओझची पाचूची नगरी या बुरुजावरून सुचली, असे जे म्हटले जाते, ते कालक्रमात बसत नाही, कारण पहिले पुस्तक १९०० मध्येच प्रकाशित झाले होते. इंग्लंडचा युवराज एडवर्ड १९२० मध्ये इथे आला होता आणि पुढे त्याच्या पत्नी झालेल्या वॉलिस सिम्पसन त्या काळात नौदल अधिकाऱ्याची पत्नी म्हणून कोरोनाडोतच राहत होत्या, म्हणून त्यांची भेट याच हॉटेलात झाली अशी कथा रचली गेली; त्या दोघांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ते पुढे १९३१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये भेटले. बिली वाइल्डर यांच्या ‘सम लाइक इट हॉट’ या १९५९ च्या चित्रपटातील किनाऱ्यावरील दृश्यांचे चित्रीकरण मात्र खरोखर इथेच १९५८ मध्ये झाले, आणि मॅरिलिन मन्रो ज्या वाळूवर चालल्या, ती वाळू पडद्यावर फ्लोरिडाची म्हणून दाखवली गेली. नोव्हेंबर १८९२ मध्ये केट मॉर्गन नावाची एक तरुणी खोट्या नावाने उतरली आणि पाच दिवसांनी समुद्राकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर गोळी लागून मृतावस्थेत आढळली. एकट्या, आजारी, निराधार स्त्रीच्या या शोकांतिकेची भूतकथा करून पाहुण्यांना रिझवणे औचित्याला धरून नाही, आणि लहान मुलांसमोर ती कथा सांगायचीच झाली, तर करुणेने सांगावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉटेलची रया गेली. स्प्रेकल्स घराण्याने १९४८ मध्ये ते विकले, पुढच्या मालकांच्या काळात देखभाल ढिली पडली, आणि १९६३ मध्ये लॅरी लॉरेन्स यांनी सूत्रे घेतली तेव्हा ही जुनी इमारत पाडून जागा वापरावी, असाही विचार पुढे आलेला होता. तसे न होता तिचा जीर्णोद्धार झाला. १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष दियास ओर्दास यांच्यासाठी शासकीय मेजवानी याच हॉटेलात दिली, आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. या पुनरुज्जीवनात १९६९ मध्ये खुल्या झालेल्या कोरोनाडो पुलाचा वाटा मोठा होता. त्याआधी मुख्य शहरातून येणारे लोक फेरीबोटीने येत किंवा दक्षिणेला वळसा घालत. साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या, मोठ्या नौका खालून जाव्यात म्हणून उंच उचलून वळवलेल्या या पुलाने ते अंतर काही मिनिटांवर आणले. पुलाचे दुसरे टोक मात्र सॅन डिएगोच्या बॅरिओ लोगन या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत उतरले आणि त्यासाठी तिथली घरे गेली. पुलाखालच्या जागेत वस्तीला कबूल केलेल्या बागेऐवजी पोलीस ठाणे होणार असे दिसताच रहिवाशांनी एप्रिल १९७० मध्ये ती जागा ताब्यात घेतली. तिथला ‘चिकानो पार्क’ आणि पुलाच्या खांबांवर रंगवलेली भव्य भित्तिचित्रे हॉटेलला येताना किंवा तिथून जाताना अवश्य पाहावीत, कारण किनाऱ्यावरील आरामाची किंमत कोणी मोजली, हे त्याशिवाय कळत नाही.

अलीकडे मूळ इमारतीचे विस्तृत पुनर्स्थापन करण्यात आले. नंतरच्या काळात बंद झालेले दर्शनी व्हरांडे मोकळे झाले, प्रवेशदालनाचे लाकूडकाम आणि रंगीत काचा पूर्वरूपाला आल्या, आणि सुमारे सहा वर्षांचे हे काम २०२५ मध्ये पूर्ण झाले. आवारात नंतरच्या काळातील आधुनिक इमारतीही आहेत, त्यामुळे खोली ठरवताना कुटुंबाला निवड करावी लागते. जुन्या इमारतीतील खोल्या एकसारख्या नाहीत, मार्गिका लांब आणि वळणांच्या आहेत, आणि लाकडी इमारतीतला आवाज काही प्रमाणात ऐकू येतो. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना लिफ्टजवळची खोली आधीच मागून घेणे हिताचे असते. तरीही, खर्च झेपत असेल तर, निदान एक रात्र जुन्या इमारतीतच काढावी. दर चढे आहेत, सुट्टीच्या दिवसांत तर फारच चढे. त्याखेरीज ‘रिसॉर्ट फी’ म्हणजे सुविधांपोटीचे सक्तीचे रोजचे शुल्क आणि मोटार उभी करण्याचे भाडे वेगळे पडते, म्हणून हिशेब एकूण रकमेचा करावा लागतो. हिवाळ्यातील आठवड्यामधले दिवस तुलनेने परवडतात, आणि मुळात हॉटेलचा हंगामही हिवाळ्याचाच होता.

तीन पिढ्यांच्या कुटुंबाने एकत्र प्रवास करताना एक अडचण नेहमी उभी राहते: नातवंडांना धावायचे असते, मधल्या पिढीला सगळे पाहून घ्यायचे असते आणि आजी-आजोबांना बसायचे असते. बहुतेक पर्यटनस्थळांत यांपैकी कोणाला तरी आपली इच्छा गिळावी लागते, आणि मराठी घरांत ती बहुधा आजी गिळते. या हॉटेलच्या रचनेत बसणे हा प्रवासाचाच भाग मानलेला आहे. व्हरांड्यातील खुर्चीवरून समोरच्या हिरवळीपलीकडे वाळूत खेळणारी नातवंडे दिसतात. ऊन वाढले की चौकातली सावली आहे. तिथून उठून प्रवेशदालनात आले, की येणारी-जाणारी माणसे पाहण्यात वेळ जातो. दिवसातून अनेकदा पांगलेले कुटुंब ठरवल्याशिवाय चौकात पुन्हा एकमेकांना भेटते, आणि एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या नियोजनाचे यश तेव्हा प्रत्यक्ष अनुभवाला येते. जेवणाबाबत थोडी तजवीज लागते. हॉटेलातील उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ मिळतात, पण रोजच्या सवयीचे जेवण मिळत नाही. काही मिनिटांच्या अंतरावरील ऑरेंज ॲव्हेन्यू या मुख्य रस्त्यावर दुकाने व किराणा असल्याने दही, फळे, पाव आणता येतो, आणि घरून आणलेला चिवडा-लाडवांचा डबा व्हरांड्यात उघडायला कोणाची हरकत नसते.

समुद्राविषयी कोकण-गोव्याच्या अनुभवावरून बांधलेले अंदाज इथे चुकतात. दोन्ही किनारे आपापल्या भूमीच्या पश्चिमेला असले, तरी अरबी समुद्राचे पाणी उबदार असते, तर इथे उत्तरेकडून वाहत येणारा कॅलिफोर्निया प्रवाह पाणी थंड ठेवतो. भर उन्हाळ्यातही त्याचे तापमान साधारणपणे विशीच्या आसपास आणि हिवाळ्यात चौदा-पंधरा अंश सेल्सियस असते. मे आणि जून महिन्यांत थंड समुद्रावर साचणारा ढगांचा थर सकाळी, कधी दिवसभरही, किनारा झाकून टाकतो, त्यामुळे मे महिना म्हणजे कडक ऊन, असे गृहीत धरून आलेल्या पाहुण्यांना स्वेटर शोधावा लागतो. वाळू मात्र अतिशय सुंदर आहे. तिच्यातील अभ्रकाच्या कणांमुळे ओलसर किनारा उन्हात सोनेरी चमकतो. ही रुंद पुळण सर्वस्वी निसर्गाने दिलेली नाही, हेही जाणून घ्यावे: विसाव्या शतकात, विशेषतः महायुद्धाच्या काळात, नौदलासाठी उपसागर खोल करताना काढलेली प्रचंड वाळू सिल्व्हर स्ट्रँडच्या किनाऱ्यावर टाकली गेली. वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या काही रात्री, भरती ओसरू लागताना ग्रुनियन नावाचे चंदेरी मासे लाटांबरोबर वाळूवर येतात, माद्या शेपटीच्या बाजूने वाळूत उभ्या रुतून अंडी घालतात आणि पुढच्या लाटेबरोबर परत जातात. अंडी पुढील मोठ्या भरतीच्या स्पर्शाने फुटतात. हा सोहळा पाहायला मुलांना रात्री उशिरापर्यंत जागू द्यावे. हिवाळ्यात अलास्काकडून मेक्सिकोच्या खाड्यांकडे जाणारे करडे देवमासे याच किनाऱ्याजवळून प्रवास करतात.

हॉटेलासमोरचा किनारा हॉटेलचा नाही, ही बाब आवर्जून सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात भरतीच्या सरासरी रेषेखालील किनारा जनतेचा मानला जातो, आणि १९७६ च्या किनारा कायद्याने तिथपर्यंत जाण्याच्या लोकांच्या हक्काला भक्कम संरक्षण दिले आहे. त्यामुळे हजारो रुपयांच्या हिशेबात मोजावी लागणारी छत्री-खुर्ची भाड्याने घेतलेला पाहुणा आणि चटई पसरून घरचा डबा उघडणारे कुटुंब शेजारी-शेजारी बसतात. टेंट सिटीने व्यापाराच्या मार्गाने जे साधले होते, ते इथे कायद्याने टिकवले आहे. ज्यांना मुक्काम परवडत नाही, त्यांनीही हा किनारा आपला मानून दिवसभर तिथे बसावे आणि हॉटेलच्या दर्शनी दालनात निःसंकोच डोकावून यावे.

या सार्वजनिक किनाऱ्यावर गेली अनेक वर्षे एक गंभीर संकट आहे. मेक्सिकोच्या सीमेपलीकडील तिहुआना शहराची वाढ तिथल्या सांडपाण्याच्या व्यवस्थेला पेलली नाही, सीमेवरील शुद्धीकरण केंद्रही अपुरे पडले, आणि तिहुआना नदीतून येणारे मलजल दक्षिणेकडून वाहणाऱ्या लाटांबरोबर इंपीरियल बीचपर्यंत आणि अनेकदा कोरोनाडोपर्यंत पोहोचते. इंपीरियल बीचचा किनारा त्यामुळे वर्षानुवर्षे पोहण्यासाठी बंद राहिला आहे, आणि कोरोनाडोतही पाण्याशी संपर्क टाळण्याचे फलक लागतात. दोन देशांच्या सरकारांमधील करार आणि दुरुस्तीची कामे सुरू असली, तरी प्रवाशाने त्यांवर विसंबू नये; सॅन डिएगो काउंटीकडून प्रसिद्ध होणारे पाण्याच्या गुणवत्तेचे अहवाल रोज सकाळी पाहावेत, पावसानंतरचे काही दिवस पाण्यात उतरू नये, आणि लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत फलकाचे तंतोतंत पालन करावे. अशा दिवशी उपसागराच्या बाजूची टाइडलँड्स पार्क ही बाग, सिल्व्हर स्ट्रँडलगतचा सायकलमार्ग किंवा उपसागर ओलांडून शहरात नेणारी फेरीबोट हे चांगले पर्याय ठरतात. पूल झाल्यावर बंद पडलेली ही फेरी १९८७ मध्ये पादचाऱ्यांसाठी पुन्हा सुरू झाली, आणि तिच्या डेकवरून नौदलाची जहाजे, शहराच्या उंच इमारती व पुलाचे निळे वळण मुलांना एकाच फेरीत पाहायला मिळते.